शिंग आणि पितळ यांचा सांधा

प्रश्न : म्हशीचे शिंग व पितळ जोडून मी लहान शिल्पे घडवितो, परंतु सांध्यापाशी शिंगास चीर पडते आणि पितळेवर हिरवा कळंक चढतो. उपाय काय?
— एक वाचक, डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई

उत्तर : शिंग हे केराटिनचे असल्यामुळे दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते, धातूवर मात्र ओलाव्याचा असा परिणाम होत नाही, सबब वातानुकूलित खोलीतून आखाती उन्हाळ्याच्या दमट हवेत नेलेल्या शिल्पाचा सांधा घट्ट जखडलेला असल्यास शिंग तडकते. म्हणून पितळी खिळीचे छिद्र किंचित सैल ठेवावे, आणि ज्वाळेने शिंग करपत असल्याने डाख देण्याचे काम जोडणीपूर्वीच उरकावे. कळंक ही बहुधा उरलेल्या चरबीतील आम्लांची करणी असते. यास्तव शिंगातील हाडाचा गाभा काढून, शिंग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पुरते वाळवावे व पितळेस मेणाचा पातळ लेप द्यावा. कानस चालविताना नाकातोंडावर मुखपट्टी असावी.

ही विद्या कोकणास परकी नाही : विजयदुर्गास गव्याच्या शिंगांचे शोभेचे जिन्नस घडत असल्याची नोंद 1880 च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये आहे. मात्र भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने गव्यास संरक्षण मिळाल्यामुळे आपण पाळीव जनावरांच्या शिंगांपुरतेच राहावे, आणि शिल्प सरहद्दीपलीकडे न्यावयाचे झाल्यास खरेदीची पावती जपून ठेवून जकात खात्याकडे आगाऊ चौकशी करावी.