पंप बदलण्याआधी जरा ऐक

दोन हॉर्सपॉवर वाचतील म्हणून इलेक्ट्रिक वॉटर पंप लावायचा, असं तुमच्या टीममध्ये ठरत असेल तर आधी माझं ऐक गं. पंप बदलायला माझा विरोध नाही. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेतल्या गाडीत त्याचं खरंच काम आहे. पण कारण चुकलं की पुढची निवडही चुकते, आणि मग जानेवारीत कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, फॉर्म्युला भारत स्पर्धेच्या ऐन शर्यतीत, गाडी वाफा सोडत उभी राहते.

आधी पंप इंजिनाला का जोडलेला असतो ते बघ. कुंभारीहून सोलापुरात शिरताना अक्कलकोट रोडची एमआयडीसी लागते बघ. तिथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट परदेशातल्या गाड्यांच्या इंजिनांतही बसतात. कॅमशाफ्टला क्रँकशी बांधून घेण्यावाचून गत्यंतर नाही. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक, त्यात तसूभर इकडेतिकडे चालत नाही. वॉटर पंपाला असं कुठलंही बंधन नाही. पाणी किती फिरवायचं ते इंजिनाच्या उष्णतेनं ठरवायचं, फेऱ्यांनी नव्हे. फिरता बेल्ट किंवा गिअर हाताशी होता म्हणून पंप त्याला जोडला गेला.

शेतात डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप आठव. इंजिन जोरात तर पाणी जोरात, इंजिन बंद तर पाणी बंद. गाडीतला मेकॅनिकल पंप अगदी तसाच. शिवाय सेंट्रिफ्युगल पंपाचा एक नियम आहे: फेरे दुप्पट केले की पाणी दुप्पट होतं, पण लागणारी ताकद आठपट होते. म्हणून मोठ्या इंजिनांच्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये वरच्या फेऱ्यांना पंप खरोखरच काही हॉर्सपॉवर खातो. फेरे फार वाढले तर पंपातल्या पंख्याच्या मागे वाफेचे बुडबुडे धरतात आणि पाणी उलट कमी जातं. पण तुमचं इंजिन मोटरसायकलचं, एका सिलिंडरचं. त्याचा एवढासा पंप कितीशी ताकद खाणार? टीममधल्या पोरांना हे कागदावर मांडून दाखव, नुसतं बोलून पटायचं नाही.

खरी अडचण इंजिन बंद पडतं तेव्हा आहे. स्पर्धेतली एंड्युरन्स शर्यत साधारण 22 किलोमीटरची, अर्ध्यात ड्रायव्हर बदलतो आणि तेव्हा इंजिन बंद करावं लागतं. हेड आणि सिलिंडर तापलेले, पाणी मात्र जागच्या जागी थांबलेलं. ती उष्णता पाण्यात शिरते, पाणी जागीच उकळतं, आणि इंजिन पुन्हा सुरू व्हायला कुरकुर करतं. इलेक्ट्रिक पंप इथं उपयोगी पडतो, कारण इंजिन थांबलं तरी तो फिरत राहू शकतो. सुरुवातीच्या रांगेत आयडलवर ताटकळतानाही तेच. ड्रायव्हर बदलताना पंप आणि फॅन चालू ठेवण्याबद्दल स्पर्धेचं त्या वर्षीचं नियमपुस्तक काय म्हणतं, तेवढं नीट वाचून घे.

मोठ्या कंपन्यांनीही पंप इंजिनाच्या फेऱ्यांपासून सोडवला. बीएमडब्ल्यूने 2004 मध्ये एन 52 या सहा सिलिंडरच्या इंजिनात 200 वॅटचा इलेक्ट्रिक पंप बसवला. 2009 च्या टोयोटा प्रियसमध्ये तर पंपाच्या बेल्टसकट बाहेरचे सगळे बेल्टच गेले.

आता हिशेब मांडू. समजा तुमच्या इंजिनाची 20 किलोवॅट उष्णता पाण्यातून बाहेर काढायची आहे आणि रेडिएटरमध्ये पाणी 10 अंशांनी थंड होतंय. तर मिनिटाला साधारण 29 लिटर पाणी फिरलं की भागतं. बाजारात मिनिटाला 80 लिटरचा पंप मिळतो, पण तो आकडा मोकळ्या पाइपाचा. होज, वळणं, रेडिएटर सगळं जोडलं की तो बराच खाली येतो, म्हणून जोडणी करून बादलीत मोजून बघ. असा पंप सात-आठ अँपिअर खातो, म्हणजे जवळजवळ 100 वॅट. मोटरसायकलच्या इंजिनाला मुळात काहीशे वॅटचाच जनरेटर असतो. त्यातच इंधन पंप, इग्निशन, ईसीयू आणि रेडिएटरचा फॅन. विजेची ही बेरीज जुळली नाही तर बॅटरी हळूहळू उतरते आणि शेवटच्या फेऱ्यांत गाडी मान टाकते. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

आणि रेडिएटर लहान असेल तर कुठलाच पंप तुला वाचवणार नाही. पाणी 95 अंशांवर आणि हवा 25 वर असेल तर फरक 70 चा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 वर जातो तेव्हा तोच फरक 52 उरतो, म्हणजे रेडिएटरची ताकद चौथाईनं घटली. म्हणून सुट्टीत येताना गाडी इकडे आणता आली तर आणा. सोलापूरच्या दुपारी तापमान आटोक्यात राहिलं तर कोइमतूरच्या जानेवारीची काळजी नको.

माझं मत विचारशील तर पंप बदलायचा असेल तर तो आत्ताच, पावसाळ्याआधी. डिसेंबरात असल्या गोष्टीला हात लावू नका. पंप रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये, शक्य तितका खाली बसवा, म्हणजे हवा अडकत नाही. वायर जाड घ्या, रिले आणि फ्यूज स्वतंत्र ठेवा. मेकॅनिकल पंप बिघडायच्या आधी बहुतेक वेळा बाजूच्या भोकातून थेंब टाकून सांगतो. इलेक्ट्रिक पंप बऱ्याचदा न सांगताच बंद पडतो. म्हणून तापमानाचा सेन्सर थेट ईसीयूला जोडा आणि ठरलेल्या अंशाला इंजिन बंद होईल असं करा. स्पर्धेच्या नियमानं पाण्यात कूलंट घालता येत नाही, तेव्हा डिस्टिल्डच भरा. बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही घाई केली तरी ऐकायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी 100 अंशांच्या वर असूनही दाबामुळे पाणीच राहिलेलं असतं, झाकण फिरवलं की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत थांब, आणि तेव्हाही चेहरा बाजूला ठेव.