देणेकरी गाव सोडून गेला तर

हातउसने पैसे कुणाच्या घरात चालत नाहीत? कुणाला बियाण्याला कमी पडतात, कुणाला दवाखान्याला. आज आपण देतो, उद्या आपल्यालाच मागावे लागतात. दिलेले पैसे बहुधा परत येतात. पण एखादे वेळी घेणारे माणूसच निघून जाते. फोन लागत नाही. शेजारी म्हणतात, "आम्हांला काय ठाऊक!" मग देणाऱ्याने काय करावे? काय करू नये? ते या धड्यात पाहू.

त्यासाठी एक गोष्ट सांगतो. गोष्ट आम्ही रचलेली आहे, पण अशी माणसे तुमच्याही गावात असतील.

आक्कांनी दोन शेळ्या आणि एक बोकड विकला. पैसे बँकेत ठेवले. घरावरचे पत्रे गळत होते, ते बदलायचे त्यांच्या मनात होते. शेजारी एक शिवणकाम करणारी बाई राही. तिला शिलाईचे नवे मशीन घ्यायचे होते. ती आक्कांकडे आली. आक्का म्हणाल्या, "पत्रे आणखी एक साल थांबतील. घे तू मशीन." १० जून २०२२ रोजी आक्कांनी तिला ३०,००० रुपये दिले. व्याज लावले नाही. अडलेल्या शेजारणीला असे एकदा दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे. व्याजाचा धंदा करायचा तर मात्र महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो.

आक्कांनी दोन गोष्टी शहाणपणाने केल्या. पैसे रोख न देता बँकेतून तिच्या खात्यावर भरले. आणि एका कागदावर रक्कम व तारीख लिहून तिची सही घेतली. तेव्हा शेजारणीला जरा वाईट वाटले. "आक्का, माझा विश्वास नाही का?" असे ती म्हणालीही. आक्का म्हणाल्या, "विश्वास आहे म्हणून पैसे दिले. कागद विसरण्यासाठी आहे." पुढे हा कागदच उपयोगी पडला.

दोन वर्षे गेली. पैसे काही फिटले नाहीत. २०२४ च्या दिवाळीनंतर एके सकाळी पाहतात तो शेजारीण नाही, तिची दोन्ही मुले नाहीत, मशीनही नाही. नवरा तेवढा घरात होता. तो दारूत असे. रात्रीची मारझोड आक्कांच्या घरापर्यंत ऐकू येई. तो म्हणाला, "मलाही न सांगता गेली."

आक्कांचा भाचा तालुक्याला शिकतो. तो मोबाईल काढून म्हणाला, "आत्या, काळजी करू नकोस. तिचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. खाली लिहितो, ही बाई पैसे बुडवून पळाली. नाहीतर बँकेतून बोलतो असे सांगून तिच्या माहेरी फोन करतो, पत्ता काढतो. मोबाईल कंपनीत माझा एक मित्र आहे. तिचा फोन कुठे चालू आहे ते तो सांगेल."

आक्कांना क्षणभर बरे वाटले. कुणालाही वाटेल. पैसा घामाचा होता, आणि पत्रे अजून गळत होते. पण या तिन्ही वाटा खड्ड्यात नेणाऱ्या आहेत.

फोटोचे पाहा. ती पैसे बुडवायला पळाली, हे कशावरून? ती आणखी कशाला तरी भिऊन गेली असेल. चारचौघांत तिला बुडवी म्हटले, तर अब्रुनुकसानीची फिर्याद आक्कांवर आणि भाच्यावर होऊ शकते. म्हणजे पैसे राहिले बाजूला, आरोपी आपणच. बँकेचा माणूस आहे असे खोटे सांगणे ही तोतयेगिरी झाली. आणि मोबाईल कंपनीतला मित्र? गिऱ्हाइकाची माहिती कुणाला चोरून देण्याचा त्याला हक्क नाही. बँक, दवाखाना, टपाल कचेरी यांचेही तसेच. मित्राची नोकरी जाईल, ते वेगळेच.

माणसाला स्वतःचे खासगी आयुष्य असते. घराला दार असते ते याचसाठी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी मिळून निकाल दिला, की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. पैसे देणे असलेल्या माणसाचाही तो हक्क आहे. कर्ज घेतले म्हणून माणूस विकला जात नाही.

देणेकऱ्याच्या मागोमाग फिरणे, त्याच्या घराशी किंवा कामाच्या जागी घुटमळणे, धमकावणे, हेही चालत नाही. वसुलीसाठी असा त्रास देणे सावकारी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. मोठ्या बँकांनासुद्धा रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले, की वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये.

मग पोलिसांत जावे का? उसने पैसे वेळेवर न फेडणे हा गुन्हा नव्हे. ती दिवाणी बाब आहे. सुरुवातीपासून फसवण्याचाच बेत असेल तर गोष्ट निराळी. ज्याच्याजवळ खरोखरच नाही, त्याला नुसत्या देण्यासाठी तुरुंगात घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितले आहे. आणि "बाई हरवली आहे" अशी खोटी वर्दी देऊन तिला शोधायला लावणे तर मुळीच करू नये.

आक्का रात्रभर विचार करत राहिल्या. सकाळी भाच्याला म्हणाल्या, "अरे, मला ती कुठे राहते हे कळून काय करायचे आहे? माझे म्हणणे तिला कळले म्हणजे झाले."

आम्हांला हे फार मोलाचे वाटते. माणूस शोधणे वेगळे आणि निरोप पोचवणे वेगळे. बहुतेक लोक पहिल्याच्या मागे लागतात आणि दुसरे विसरतात.

शेजारणीचा भाऊ दर भाऊबिजेला येई. आक्कांना त्याचे गाव माहीत होते. त्या एस.टी.ने तिथे गेल्या. चारचौघांत काही बोलल्या नाहीत. बंद पाकीट त्याच्या हातात दिले. "दादा, तिचा पत्ता मला नको. एवढे पाकीट तिला पोचते करा," म्हणाल्या. भाऊ आधी कपाळाला आठ्या घालून उभा होता. पत्ता मागितला असता तर तो "मला ठाऊक नाही" म्हणून आत गेला असता. पत्ता नको म्हटल्यावर त्याने पाकीट घेतले, आणि चहाही ठेवायला सांगितला.

पत्र असे होते:

"चि. सौ. हिस आक्काचा आशीर्वाद. तू व मुले खुशाल असाल. १० जून २०२२ रोजी तू माझ्याकडून ३०,००० रुपये घेतलेस. एकदम जमत नसेल तर हप्त्याने दे. किती व कधी देशील ते लिही आणि खाली सही व तारीख घाल. तू कुठे आहेस ते मी विचारत नाही. हे पत्र मी दुसऱ्या कुणाला दाखवले नाही. तुझी आक्का."

पाहा, यात धमकी नाही, शिवी नाही. पण रक्कम आहे, तारीख आहे, मागणी आहे. अशा पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. टपालाने पाठवायचे तर स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपावी. पूर्वीचे रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टातच मिळवले आहे. पोस्टकार्डावर मात्र देण्याघेण्याचे कधी लिहू नये. पोस्टमनपासून दारातल्या पोरापर्यंत सगळे वाचतात!

कुणी नातेवाईक नसला तर? उघड असलेले कागद पाहावेत. मतदारांची यादी उघड असते. जमिनीचा सातबारा कुणालाही पाहता येतो. त्यावरून माणसाचे मूळ गाव, जमिनीतला वाटा समजतो. पण एका नावाची चार माणसे असतात. पुरती खात्री झाल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊन पैसे मागू नयेत.

पुढे एक दिवस शेजारणीचा नवरा आक्कांच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल. "तू तिच्या भावाकडे जाऊन आलीस म्हणे. पत्ता काढलास ना? सांग, कुठे आहे ती!"

आक्का म्हणाल्या, "मला ठाऊक नाही."

ते खरेच होते. तो दार आपटून गेला. भाचा आत बसला होता. गावच्या ग्रुपवर पत्ता आला असता तर तो प्रथम कुणाच्या हाती पडला असता, हे त्याला तेव्हा कळले.

इकडे दिवस जात होते. उसन्या पैशाच्या दाव्याला मुदत असते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे ती तीन वर्षांची आहे. पैसे दिले त्या तारखेपासून मोजावे, म्हणजे धोका राहत नाही. आक्कांची मुदत १० जून २०२५ ला संपत होती. एप्रिल आला तरी उत्तर नाही. आक्का तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे गेल्या. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो. उत्पन्न किती, हे पाहत नाहीत. १५१०० या नंबरवर फोन करूनही सल्ला मिळतो.

आक्कांनी विचारले, "देणेकरीच सापडत नाही, मग दावा कुणावर करायचा?"

वकीलबाई म्हणाल्या, "करता येतो. पैसे या गावात दिले, म्हणून दावा इथल्याच कोर्टात चालेल. तिचा शेवटचा ठाऊक असलेला पत्ता द्या. समन्स पोचत नाही अशी कोर्टाची खात्री पटली, तर कोर्ट ते त्या घरावर आणि कोर्टाच्या आवारात चिकटवायला सांगते, नाहीतर त्या भागातल्या वर्तमानपत्रात छापायला सांगते. तरी ती आली नाही तर तुमचा पुरावा पाहून निकाल होतो. हुकूमनामा मिळाला की तो बजावून घ्यायला बारा वर्षे असतात. तिच्या लेखी कबुलीनेही मुदत वाढते, पण ती १० जूनच्या आत मिळायला हवी."

दाव्याचे कागद तयार होऊ लागले. आणि मे महिन्यात भाऊ आला. त्याच्या हातात बंद पाकीट होते.

आक्का आमच्यासारख्याच मोठेपणी वाचायला शिकल्या. त्यांनी पत्र स्वतःच वाचले, ओळीवर बोट ठेवून. शेजारणीने लिहिले होते, की ३०,००० रुपये देणे मला कबूल आहे. एका कारखान्यात कपडे शिवते. दर महिन्याला २,००० रुपये भावाच्या हाती पाठवीन. खाली सही आणि तारीख होती: १८ मे २०२५. सोबत पहिले २,००० रुपये होते.

त्या सहीमुळे तीन वर्षांची मुदत नव्याने, १८ मे २०२५ पासून सुरू झाली. आक्कांनी दावा घातला नाही. वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरवर १८ मे २०२८ असे मोठ्या अक्षरात लिहून ठेवले. प्रत्येक हप्त्याबरोबर तिच्या सहीची चिठ्ठीही मागवायची असे ठरले.

पत्रे त्या पावसाळ्यात काही बदलले गेले नाहीत. भाच्याने वर ताडपत्री बांधून दिली.

शेजारणीच्या पत्रावर पत्ता नव्हता. आक्कांनी भावाला तो विचारला नाही. वहीचे पान फाडून त्यांनी २,००० रुपये पोचल्याची पावती लिहिली, तारीख घातली, सही केली. पाकीट डिंकाने चिकटवले आणि एस.टी.ची वेळ व्हायच्या आत त्याच्या हाती दिले.