चारी बुजण्याआधी

नव्याने परदेशात आलेल्याला लोक पुष्कळ काही सांगतात. बँकेचं खातं आधी कुठे उघडायचं, गोडा मसाला कोणत्या दुकानात मिळतो, थंडीचे बूट कधी घ्यायचे. गावाकडच्या पाइपलाइनबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ती आठवते दोन-तीन वर्षांनी, रात्री अडीचला, भावाच्या फोनवर. "शेजाऱ्यानं जेसीबी लावून पाइप उखडलाय. ऊस वाळायला लागलाय. तू काहीतरी कर." हा 'तू' न्यू जर्सीत नाहीतर स्लाऊमध्ये अंथरुणात उठून बसलेला असतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून बाहेर पडून पंधरा-वीस वर्षं झालेल्या काही घरांनी एकमेकांना वेळोवेळी सांगितलेलं इथे एकत्र केलं आहे. आमच्यात वकील एकही नाही, पण वकिलाची फी भरली नाही असं घरही नाही.

हा तंटा आपल्याच भागात इतका का, ते नकाशाच सांगतो. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, शिरूर तिच्या डाव्या अंगाला, दौंड उजव्या. घोडनदी हे तर शिरूर गावाचं जुनं नावच. शिवाय चासकमानचा कालवा, चिंचणीचं घोड धरण, खडकवासल्याहून दौंडकडे येणारा मुठा उजवा कालवा. पाणी आहे, पण ते एका कडेला, आणि जमीन मात्र माळावर. म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीने एक युक्ती केली. नदीकाठी किंवा कालव्याखाली गुंठा-दोन गुंठे घ्यायचे, तिथे विहीर पाडायची, मोटर बसवायची आणि दोन-तीन किलोमीटर पाइप टाकून पाणी माळावर न्यायचं. मध्ये वीस-पंचवीस जणांचे गट लागायचे. बांधावर चहा व्हायचा, "पाण्याला कोण आडवं येतंय, जा की" असं म्हटलं जायचं, चारी खोदली जायची, पाइप पडायचा, चारी बुजायची. कागद झाला तर तो पाइपच्या दुकानाच्या बिलाचा.

तो 'जा की' म्हणणारा माणूस आता नाही. त्याच्या जमिनीची चार भावांत वाटणी झाली. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे भाव चढले, एका हिश्शावर प्लॉटिंग पडलं, आणि पाया खोदताना नव्या मालकाला खाली तुमचा पाइप सापडला. त्याच्या बाजूनेही बघा. त्याने पूर्ण पैसे मोजले, सातबारा कोरा होता.

आता मुख्य गोष्ट. ती आम्हाला सगळ्यांना उशिरा कळली, म्हणून इथे जरा थांबतो. फोन आला की घरातला प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "अहो, त्यांच्या वडिलांनीच परवानगी दिली होती, वीस वर्षं झाली!" आपल्याला वाटतं, या एका वाक्यात दोन पुरावे आहेत. खरं तर त्याचा पहिला अर्धा भाग दुसऱ्याला खातो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो खरा, पण ती वहिवाट हक्क म्हणून, उघडपणे, शांततेने आणि खंड न पडता केलेली हवी. परवानगीने केलेली वहिवाट म्हणजे मेहेरबानी, आणि मेहेरबानी पन्नास वर्षं चालली तरी तिचा हक्क होत नाही. कायदा तिला परवाना म्हणतो. त्या परवान्याच्या भरवशावर तुम्ही स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी काम केलं असेल, तर देणाऱ्याला तो सहजासहजी मागे घेता येत नाही. तेवढा आधार आहे. पण जमीन विकली गेली की नवा मालक त्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. मग वकील विचारतो, "तुमची बाजू नेमकी कोणती? वहिवाट की परवानगी?" आणि भाऊ तोपर्यंत तलाठ्यासमोर दोन्ही बोलून बसलेला असतो.

वीस वर्षं म्हटली तरी ती मोजून दाखवावी लागतात. गोव्यातला रस्त्याचा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे न्यायालयाने म्हटलं की कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापर होता हे दाव्यात स्पष्ट लिहिलं पाहिजे. 'पूर्वापार' या आपल्या लाडक्या शब्दाला तिथे किंमत नाही. शिवाय ही वीस वर्षं दावा दाखल करण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत येऊन टेकलेली हवीत. पाइप तुटून तीन वर्षं पडून राहिला आणि तुम्ही परदेशातून 'बघू' म्हणत राहिलात, तर आधीची तीस वर्षंही वाया जाऊ शकतात. आणि जमिनीखालचा पाइप 'उघड' कसा ठरायचा? व्हॉल्व्हची पेटी, हवा सुटायचे उभे पाइप, दुरुस्तीला उकरलेली चारी यांवरून. त्यांचे फोटो तारखेसकट ठेवा.

कागदाची किंमत आमच्यातल्या बहुतेकांना कळली ती इकडे घर घेताना. अमेरिकेत घराच्या कागदांत मागच्या अंगणाचा एक पट्टा वीज किंवा सांडपाण्याच्या लाइनसाठी राखलेला दिसतो आणि नवा माणूस घाबरतो. घाबरू नका. तो पट्टा खरेदीआधीच दिसतोय हीच तर गंमत आहे. त्यावर शेड बांधू नका, झाड लावायलाही खणायचं असेल तर आधी ८११ ला फोन करा, ते येऊन खालच्या लाइनी रंगाने आखून देतात. ऑस्ट्रेलियात हाच नंबर ११०० आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक सांडपाण्याच्या नळापासून तीन मीटरच्या आत बांधायचं तर पाणी कंपनीशी करार लागतो. तिथे आणि वेल्समध्ये दोन-चार घरांच्या सामाईक सांडपाणी लाइनी १ ऑक्टोबर २०११ ला कंपन्यांकडे गेल्या, त्यामुळे शेजाऱ्याशी भांडायचा एक विषय कमी झाला. वहिवाटीने हक्क मात्र इथेही मिळतो. इंग्लंडमध्ये वीस वर्षं, आपला आकडा तिथूनच आलेला. कॅलिफोर्नियात फक्त पाच. तेव्हा शेजाऱ्याचा पाइप तुमच्या कुंपणाखालून जाऊ देणार असाल तर लेखी परवानगी द्या. गावाकडे जी परवानगी तुमच्या विरोधात जाते, तीच इथे तुमचं रक्षण करते.

परत शिरूर-दौंडकडे. शेतीच्या पाण्यासाठी आपल्याकडे एक सोपी वाट आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४९. पाण्याच्या स्रोतावर तुमचा हक्क असेल, पाणी दुसऱ्याच्या जमिनीतून न्यावं लागत असेल आणि त्याच्याशी बोलणी फिसकटली असेल, तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तहसीलदार चौकशी करून पाइपला परवानगी देऊ शकतो, अटी घालून. मार्ग शक्यतो सगळ्यात जवळचा, पाइप जमिनीखाली किमान अर्धा मीटर, उघडी चारी असेल तर रुंदी दीड मीटरपर्यंतच, नुकसानभरपाई आणि भाडं द्यायचं, उकरलेली जमीन पूर्ववत करायची. 'स्रोतावर हक्क' हे शब्द पुन्हा वाचा. नदीतून किंवा कालव्यातून उपसा असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी चालू आहे का, हे भावाला आधी विचारा. ती आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. प्लॉटवरच्या बंगल्याला पाणी न्यायचं असेल तर हे कलम कामाचं नाही, ते शेतीपुरतं आहे.

चालू पाण्याला कुणी अडथळा केला तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. पण त्याची मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिने. आमच्यातल्या एका घराने "डिसेंबरच्या सुट्टीत येतो, मग बसून मिटवू" असं एप्रिलमध्ये ठरवलं होतं. डिसेंबरात बसले, चहा झाला, मिटलं काहीच नाही आणि मुदतही टळून गेली होती. पुढे दिवाणी न्यायालय. तो दावा अजून चालू आहे.

विजेच्या खांबाचं वेगळं. महावितरणची लाइन हा तुमचा आणि शेजाऱ्याचा मामला नाही. नवी लाइन कुणाच्या जमिनीतून न्यायची तर २००६ च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती लागते. त्याने हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी. खांब किंवा ताण स्वतः हलवायला जाऊ नका आणि शेजाऱ्यालाही हलवू देऊ नका. खांबापासून मोटरच्या पेटीपर्यंत बांधाबांधाने गेलेली केबल मात्र तुमची. तिला पाइपलाइनचेच नियम लावून चाला.

परदेशात बसून करण्यासारखी कामं दोन. सातबारा ऑनलाइन दिसतो, दर तीन महिन्यांनी बघा. फक्त आपला नाही, पाइप ज्यांच्यातून जातो त्या गटांचाही. तिथे खरेदीचा फेरफार पडलेला दिसला की जेसीबी यायच्या आधी नव्या मालकाला भावाकडून पेढे पाठवा आणि पाइप कुठून जातो ते दाखवा. पेढे हा कायदेशीर सल्ला नव्हे, पण आमच्या अनुभवात नोटिशीपेक्षा स्वस्त पडतो.

दुसरं काम मुखत्यारपत्राचं. ते भारतीय वकिलातीत करा, नाहीतर स्थानिक नोटरीसमोर करून त्याला अपॉस्टिल घ्या. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा असतो, हे विसरतं. मजकुरात तहसीलदाराकडे अर्ज करणं, पंचनाम्याला हजर राहणं, तडजोडीवर सही करणं हे नावानिशी लिहा. विक्रीचा अधिकार त्यात घुसडू नका, भाऊ कितीही सज्जन असला तरी. आणि नवी विहीर पाडायला नदीकाठचा तुकडा स्वतःच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. परदेशस्थाला शेतजमीन वारसाने मिळते, विकत घेता येत नाही.

कागद करायचाच तर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून थांबू नका. दुसऱ्याच्या जमिनीतला हक्क घ्यायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्तच हवा. गट नंबर, पाइपचा व्यास, खोली, बांधापासूनचं अंतर, दुरुस्तीला किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं त्यात येऊ द्या. व्यास तर नक्कीच. तीन इंचीच्या जागी गुपचूप सहा इंची टाकण्यावरून जितकी डोकी फुटली असतील तितकी पाण्यावरूनही नसतील. मग त्या दस्ताची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करून घ्या.

भीमेच्या दौंडकडच्या काठावरच्या आमच्यातल्या एका घराने हे सगळं केलं, पण दस्तासाठी शेजारी चार वर्षं सहीला येत नव्हता. भरपाई वाढवून झाली, मध्यस्थ झाले. कलम ४९ मध्ये एक बारीक तरतूद आहे, पाइपातलं जास्तीचं पाणी मोबदला देऊन वापरायचा हक्क जमिनीच्या मालकालाही असतो. ती वाचून मुलाने आयर्लंडहून वडिलांना फोन केला. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या बांधावर एक व्हॉल्व्ह काढून दिला, त्याच्या अर्ध्या एकर घासापुरता, शनिवारची पाळी. चारी उघडी होती तेव्हाच त्याला टेप धरायला लावून फोटो काढला. दस्त त्याच महिन्यात झाला. आता उन्हाळ्यात कुठे पाइप गळला तर पहिला फोन शेजारीच करतो, कारण शनिवारी त्याचं पाणी कमी येतं.