मुलांच्या खेळातील दुखापती आणि भौतिकोपचार

भोपाळ हे हॉकीचे शहर. १९७५ च्या विश्वविजेत्या भारतीय संघातील अस्लम शेर खान येथलेच. आज हॉकीच्या जोडीला मोठ्या तलावातील नौकानयन आहे, तात्या टोपे स्टेडियमवर राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत, आणि २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. आपणा मराठी मंडळींना या शेवटच्या गोष्टीचे कौतुक अंमळ अधिकच! मुले खेळू लागली, तशी माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या बरोबरीने गुडघे आणि घोटेही येऊ लागले.

मूल येते तेव्हा घरचे निदान बहुधा झालेलेच असते. ‘डॉक्टर, मोच आली आहे.’ भोपाळी मराठीत लचक नसते, मोचच असते. पाय एखाद्या पहिलवानाकडून चोळून झालेला असतो, किंवा कोपऱ्यावरच्या केंद्रात यंत्राचा शेक चालू असतो. घाई नडते ती येथेच.

वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची वाढचकती असते. ती हाडाहून, पुष्कळदा अस्थिबंधाहूनही, नाजूक असते. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणला जातो, त्याच झटक्याने मुलाची वाढचकती दुखावू शकते. आणि तिची गंभीर इजा दुर्लक्षित राहिली तर हाड आखूड राहण्याचा वा वाकडे वाढण्याचा धोका असतो. मुलांचा पाय नुसता मुरगळतच नाही, असे मात्र नव्हे. घोट्याचा एक्स-रे निर्दोष असलेल्या मुलांच्या एमआरआय अभ्यासात बहुतेकांना साधी लचकच आढळली. पण चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडावरच बोट ठेवताच कळ येत असेल, तर एक्स-रे आधी आणि चोळणे मुळीच नाही. वाढचकतीवर अल्ट्रासाउंडचा शेक टाळावा, हा भौतिकोपचारातील जुना दंडक आहे.

दुखापतीवाचून लंगडणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, सोबत ताप किंवा घटते वजन, सकाळी आखडलेले सांधे ही लक्षणे असतील तर ते प्रकरण भौतिकोपचाराचे नव्हे. हाडाचा जंतुसंसर्ग, संधिवात, क्वचित कर्करोगही त्यामागे असतो आणि शेकण्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचे खुबे तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, हे माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी पुनःपुन्हा सांगतो. खुब्याचा आजार मुलांमध्ये गुडघ्यातून बोलतो.

हे सारे वगळल्यावर मात्र भौतिकोपचारासारखा उपाय नाही. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखणारा ऑसगुड-श्लॅटर विकार घ्या. त्याला शस्त्रक्रिया क्वचितच लागते आणि खेळही सहसा कायमचा सोडावा लागत नाही. उड्या-धावणे काही काळ कमी करणे, मांडीचे स्नायू ताणणे व पुढे बळकट करणे, हाच उपचार. तो शिकवायला जाणता माणूस हवा.

असा माणूस शोधावा कसा? पालकांनी संकोच न करता पदवी विचारावी: बीपीटी किंवा एमपीटी, त्यातही क्रीडा-विषयातील एमपीटी असल्यास उत्तम. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचाराला स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता दिली आहे, तेव्हा नोंदणीही विचारावी. पहिल्या दिवशी सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजली जाते का, आणि घरचे व्यायाम लिहून मिळतात का, हे पाहावे. मुलाला नुसते यंत्राखाली निजवून ठेवणारे केंद्र कितीही चकचकीत असो, तेथून उठावे.

प्रबोधिनीतील खेळाडूमागे संस्था उभी असते. कॉलनीच्या मैदानावरील मुलामागे पालक आणि आपण. गुंतागुंतीच्या दुखापतीचे पहिले मूल्यमापन एम्स किंवा हमीदियासारख्या मोठ्या रुग्णालयात व्हावे. पण कोलारहून साकेत नगरला रोज कोण जाणार? नेमाचे व्यायाम घराजवळच्या पात्र तज्ज्ञाकडे व्हावेत. फार लांबचा उपचार दुसऱ्या आठवड्यात बंद पडतो.

हे जमायचे तर आपल्या चिठ्ठ्याही सुधारल्या पाहिजेत. ‘फिजिओ, दहा दिवस’ एवढेच लिहिणे म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवर ‘गोळ्या, दहा दिवस’ लिहिण्यासारखे आहे. निदान, एक्स-रेचा निष्कर्ष, काय टाळायचे आणि कोणत्या लक्षणावर मूल परत पाठवायचे, या चार ओळी पुरेत.

मैदानावर परतण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवू नये, आणि स्पर्धेचे वेळापत्रक पाहून तर नाहीच. सूज व वेदना नाही, हालचाल पूर्ण, ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास. मग एका पायावर उड्या, मग सरळ धावणे, मग धावता धावता वळणे, मग सराव, आणि अखेरीस सामना. एखाद्या पायरीवर दुखले तर एक पायरी मागे.

दुखापत टाळण्याचाही मार्ग आहे. ‘फिफा ११+ किड्स’ हा सात व्यायामांचा पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात तोल सांभाळणे, उडी मारून नीट उतरणे आणि पडावे कसे हेही शिकवतात. युरोपातील चार देशांत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला यंत्र लागत नाही. चेंडू, मोकळी जागा आणि सरावाच्या वेळी शिट्टी वाजवायला तयार असलेला एखादा पालक पुरतो.