आकडा कुठल्या धमनीचा?

सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात एकसष्टीतल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले गेले. थोड्याच वेळात रिपोर्ट हातात आला. त्यात ‘पीडब्ल्यूव्ही’, म्हणजे नाडीच्या लहरीचा वेग, सेकंदाला १५ मीटर होता. खाली लाल अक्षरांत रक्तवाहिन्यांचं वय छापलेलं, सत्तरीच्या पुढचं. घरी येऊन त्यांनी मोबाईलवर शोधलं, तर १० मीटरच्या वर धोका असं वाचायला मिळालं. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यातली होती. तोवर धीर धरवेना, म्हणून रक्तदाबाची रोजची एक गोळी त्यांनी स्वतःच दोन केली. दोन-चार दिवसांतच पहाटे अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि भुवईला टाके घालावे लागले.

आता ते भेटेल त्याला सांगतात, “मी पंधराची तुलना दहाशी केली. दोन्ही आकडे खरेच होते, पण ते वेगवेगळ्या मापाचे होते, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुम्ही विचारा. हा वेग शरीरातल्या कुठल्या दोन जागांमधला आहे, एवढंच विचारा.”

हा प्रश्न अगदी मुळाला हात घालतो. सेकंदाला १० मीटर ही मर्यादा युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये सुचवली ती मान ते जांघ या मोजणीसाठी. तिथे मुख्यतः महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीचा ताठरपणा कळतो. जपानमध्ये रुजलेली दंड ते घोटा ही पद्धत सोपी आहे. कपडे फारसे काढावे लागत नाहीत, पट्टे बांधले की काम झालं. पण तिच्यात पायांतल्या स्नायुमय धमन्याही येतात आणि त्या मुळातच अधिक ताठ असतात. त्यामुळे आकडे मोठे येतात. तिथे धोक्याची रेषा म्हणून साधारण १८ मीटर धरतात, आणि साठीच्या माणसात १५ सर्रास दिसतो.

वयाबरोबर हा वेग वाढतो तो का? हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर महाधमनी फुगते आणि परत आकसते. ही लवचिकता इलॅस्टिन नावाच्या तंतूंमुळे येते. हे तंतू प्रामुख्याने बालपणातच तयार होतात; पुढे तुटले तर त्यांची भरपाई जवळजवळ होत नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर साठ वर्षांत ही धमनी २२० कोटी वेळा ताणली जाते. तंतू झिजतात, तुटतात, ओझं कठीण कोलॅजनवर येतं. मऊ रबरी नळीपेक्षा टणक नळीतून धक्का लवकर पोचतो, तसंच इथे होतं. मोएन्स आणि कोर्टेवेग या दोन डच अभ्यासकांनी १८७८ मध्येच ताठरपणा आणि वेग यांचं गणित मांडलं होतं. युरोपातल्या आठ देशांतल्या लोकांवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली मान-जांघ मोजणीची सरासरी अशी: रक्तदाब वगैरे ठीक असलेल्यांत तिशीच्या आत ६.२, पन्नाशीत ८.३, साठीत १०.३ मीटर. म्हणजे निरोगी माणूसही साठीत त्या दहाच्या रेषेवर येऊन उभा राहतोच.

नाडीवरून धमनीचं वय ओळखण्याच्या इतिहासात एक नाव भारताशी जोडलेलं आहे. पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या शेख दीन महंमद यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये शिकत होता. मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं मनगटावर बसवायचं, नाडीची रेघ कागदावर उमटवणारं यंत्र १८६० मध्ये आलं होतं. अकबर महंमदने विद्यार्थिदशेतच ते सुधारलं आणि त्या रेघांच्या आकारावरून वाढलेला रक्तदाब व उतारवयातली धमनी ओळखायला सुरुवात केली. रीव्हा-रोची यांचा रक्तदाबाचा पट्टा आला तो १८९६ मध्ये, आणि तोवर महंमद हयात नव्हता. १८८४ मध्ये पस्तिशीतच विषमज्वराने तो गेला. आपल्या वैद्यकीय पुस्तकांत त्याला अधिक जागा मिळायला हवी.

आजची यंत्रं रेघेऐवजी मिलिसेकंद मोजतात, आणि इथेच जपायला हवं. दोन जागांमधलं अंतर ५० सेंटिमीटर आणि लहरीला लागलेला वेळ ५० मिलिसेकंद, तर वेग १० मीटर. आता पोटाच्या घेरावरून टेप वळली आणि अंतर ५५ भरलं, की तोच माणूस ११ मीटरवर जातो. सुटलेल्या पोटाच्या पुरुषांत हे सहज घडतं. त्या क्षणाचा रक्तदाब वाढलेला असेल तरीही वेग वाढतो. शिबिरात जिना चढून आलेल्या, चहा घेतलेल्या, शेजाऱ्याशी गप्पा मारणाऱ्या माणसाचा आकडा त्याच्या धमनीइतकाच त्या सकाळचाही असतो.

म्हणून तपासणीआधी तीन तास जेवण, चहा-कॉफी आणि तंबाखू टाळावी. शांत, फार थंड नसलेल्या खोलीत निदान दहा मिनिटं आडवं पडावं. मोजताना बोलू नये आणि झोपूही नये. रिपोर्टवर पद्धत, अंतर आणि त्याच वेळचा रक्तदाब लिहून मागावा. पुढच्या वेळी शक्यतो तेच यंत्र, तीच वेळ.

घड्याळं आणि बोटाला लावायचे प्रकाशाचे सेन्सर हे वेगळंच प्रकरण. ते त्वचेखालच्या रक्ताच्या चढउताराचा आकार बघतात. त्या आकारात वयाची खूण असते, हे जपानच्या ताकाझावा यांनी १९९८ मध्ये दाखवलं. पण बोटं गार पडली, हात हलला, की आकार बदलतो. विदिंग्ज कंपनीचा एक वजनकाटा तळपायांवरून हा वेग सांगायचा. तेव्हा ती कंपनी नोकियाकडे होती. २०१८ मध्ये नियामक मंजुरीचा प्रश्न पुढे करून ती सोयच बंद केली गेली आणि रोज आकडा बघायची सवय लागलेल्यांचा आकडा एका अपडेटबरोबर गेला. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या आरोग्य तंत्रज्ञान केंद्राने ‘आर्टसेन्स’ हे अल्ट्रासाउंडवर चालणारं, चित्र न काढता मानेतल्या धमनीचा ताठरपणा मोजणारं यंत्र विकसित केलं. ते प्रशिक्षित माणसाने वापरायचं साधन आहे, आणि तेच योग्य.

आकडा खरंच जास्त निघाला तर? मग तो गांभीर्याने घ्यायचा. महाधमनीतला वेग सेकंदाला १ मीटरने वाढला की हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटनांचा धोका साधारण १४ टक्क्यांनी वाढतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात २०१० साली दिसलं. पण या आकड्यावर औषधाची मात्रा ठरवणं अजून सिद्ध झालेलं नाही. फ्रान्समधल्या ‘स्पार्ट’ चाचणीत ५३६ रक्तदाबाच्या रुग्णांपैकी एका गटाचे उपचार वेग बघून ठरवले. त्यांच्या धमन्या कमी ताठरल्या, तरी झटक्यांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवताना सोबत घरी घेतलेल्या रक्तदाबाच्या नोंदी, साखर आणि कोलेस्टेरॉलचे निकालही ठेवावेत, आणि तोवर चालू गोळी आहे तशीच घ्यावी.

दुसऱ्या बाजूने एक आशादायक अभ्यास आहे. लंडन मॅरेथॉन पहिल्यांदाच धावणाऱ्या १३८ निरोगी लोकांच्या महाधमनीचं एमआरआय सरावाआधी आणि शर्यतीनंतर केलं गेलं. सुमारे सहा महिन्यांच्या बेताच्या सरावाने त्यांच्या महाधमनीचं वय सरासरी चार वर्षांनी मागे आलं, असा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक फायदा वयाने मोठ्या, सावकाश धावणाऱ्या आणि सुरुवातीला रक्तदाब जास्त असलेल्या पुरुषांना झाला होता.