जुन्या बास गिटारची घरघर

भीमजयंतीच्या मंचावर आपले अनेक माजी विद्यार्थी वाद्ये वाजवतात. त्यांतील जुनी बास गिटार घरघरू लागली, की प्रथम तिचा व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. घरघर तरीही राहिली, तर दोष केबल, जॅक, अ‍ॅम्प्लिफायर किंवा विजेच्या जोडणीत शोधावा. ती थांबली, तर गिटारच्या आत पाहावे. तारांना बोट लावूनही काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजखालच्या अर्थिंगच्या वायरचा टाका बहुधा सुटलेला असतो. वादक जागेवर वळताच आवाज कमीजास्त होतो, तेव्हा पिकअपची एकेरी कॉइल जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे 50 हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र पकडत असते. फेंडर कंपनीने 1957 साली प्रिसिजन बासला दोन भागांचा पिकअप बसविला. त्यातील दोन कॉइल एकमेकींची घरघर खोडतात. एकेरी कॉइलच्या वादकाने ट्रान्सफॉर्मरपासून दूर उभे राहावे, हे बरे.

घरघर घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याची रीत मात्र आम्हांस जीवघेणी वाटते. तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. पिन नसताना अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गळती झाली, तर वीज तारांत उतरते आणि वादकाचे ओठ माइकला लागताच ती त्याच्या देहातून वाहते. मंडपात जनरेटर असेल, तर त्याचेही अर्थिंग गायन सुरू होण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावे.