पुण्याच्या पेठा पायी बघायच्यात? खर्च, वेळ आणि वाटेतले खाचखळगे

कुटुंबासह पुण्याच्या जुन्या पेठा बघायला निघालात तर सर्वात महागात पडते ती तुमची स्वतःची गाडी. तिकिटं, खाणं, खरेदी सगळं त्यानंतर. म्हणून आधी एवढं ठरवा: गाडी घरी किंवा एखाद्या मेट्रो स्थानकाच्या वाहनतळावर ठेवायची, ‘कसबा पेठ’ स्थानकाला उतरायचं, पायी फिरत दक्षिणेकडे जायचं आणि ‘मंडई’ स्थानकातून परतायचं. एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही, मुलांची किरकिरही निम्म्याने कमी होते.

मेट्रोचं भाडं १० ते ३५ रुपये. शनिवार-रविवारी सगळ्यांना ३० टक्के सवलत. चौघांचं एका वेळचं तिकीट प्रत्येकी २० रुपये धरलं, तर जाऊन-येऊन १६० रुपये, शनिवार-रविवारी ११२. दिवसाचा १०० रुपयांचा पास या फेरफटक्यासाठी घेऊ नका: सर्वात लांबचा प्रवास केला तरी दोन्ही वेळचे मिळून ७० च रुपये होतात. वनाज किंवा रामवाडीकडून येत असाल तर जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकात गाडी बदला. तिथून कसबा पेठ पुढचंच स्थानक.

रिक्षाने यायचं तर मीटर टाकायला लावा. १ सप्टेंबर २०२२ पासूनचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. म्हणजे चार किलोमीटरचे साधारण ६८ रुपये. मात्र रिक्षात नियमाने तिघंच बसतात. पाच जणांचं कुटुंब असेल तर दोन रिक्षा धरूनच हिशेब करा.

गाडी आणायचीच असेल तर ‘पी-१’ आणि ‘पी-२’ या पाट्या नीट वाचा. पी-१च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावता येते, पी-२च्या बाजूला सम तारखेला. बाहेरगावचे लोक इथेच फसतात. गाडी उचलली गेली तर ५०० रुपये दंड, ओढून नेण्याचा खर्च वेगळा, आणि वर ती सोडवून आणण्यात दुपार जाते. दंड भरताना ई-चलनाची पावती घ्या, हातात रोख टेकवू नका. सशुल्क वाहनतळावर दरफलक वाचल्याशिवाय पैसे देऊ नका आणि पावतीवर वेळ लिहून घ्या. सणासुदीला ‘आज एकच रेट’ असं ऐकवलं जातं. फलकाचा फोटो काढून ठेवलात तर वाद घालायला हातात काहीतरी असतं.

सकाळी आठच्या सुमारास सुरुवात करा. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर साडेतीन-चार तास पुरतात. उन्हाळ्यात अकरानंतर शनिवारवाड्याच्या पटांगणात थांबू नका, सावली फार थोडी आहे. संकष्टी, अंगारकी आणि गणेशोत्सवाचे दहा दिवस टाळा. लहान मुलं कडेवर असतील तर नक्कीच. उत्सवातच यायचं असेल तर पहाटे या, नऊच्या आत बाहेर पडा. गाड्यांशिवाय लक्ष्मी रस्ता बघायचा असेल तर ११ डिसेंबर लक्षात ठेवा. महापालिका त्या दिवशी पादचारी दिन पाळते आणि रस्त्याचा मोठा भाग चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवते.

स्थानकातून बाहेर पडलात की आधी कसबा गणपती. ग्रामदैवत आहे, दर्शनाला पैसे नाहीत. तिथून लाल महाल. आज उभी असलेली वास्तू महापालिकेने १९८०च्या दशकात बांधलेली आहे, शिवकालीन नाही. मुलांना आधीच सांगा, नाहीतर ती शाहिस्तेखानाची खिडकी शोधत बसतात. पंधरा मिनिटं पुरे.

शनिवारवाड्याचं तिकीट भारतीयांना २५ रुपये, ऑनलाइन काढलंत तर २०. पंधरा वर्षांखालील मुलांना मोफत. मूल उंच असेल तर वयाचा पुरावा मोबाइलमध्ये ठेवा. ज्येष्ठांना वेगळी सवलत नाही. परदेशी नागरिकांना ३०० रुपये. इथेच अमेरिकेहून, इंग्लंडहून आलेल्या आपल्या घरच्या मंडळींचे पैसे उगाच जातात. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर भारतीयांच्याच दराने प्रवेश मिळतो. पण कार्ड दाखवावं लागतं, त्यामुळे ते घरच्या कपाटात ठेवून येऊ नका. आपल्या माणसाने २५ ऐवजी ३०० मोजावेत, हे मला पटत नाही. १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, पुरातत्त्व खातं अनेकदा प्रवेश मोफत ठेवतं. मात्र वाचलेले २५ रुपये त्या दिवशीच्या गर्दीत वसूल होतात.

आत महाल नाही. १८२८च्या आगीत तो गेला, आता जोती आणि कारंज्यांचे हौद उरलेत. तिकीट वसूल होतं ते दिल्ली दरवाज्यापाशी. मुलांना दाराजवळ उभं करून ते लोखंडी खिळे दाखवा. हत्तीने धडक मारू नये म्हणून ते मुद्दाम उंचावर ठोकलेत. दाराला लागून असलेल्या पायऱ्यांनी तटावर जाता येतं. पायऱ्या उंच आणि गुळगुळीत आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसावं, लहानांचा हात सोडू नये. मोबाइलवर फोटो मोफत. ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते.

फाटकापाशी कुणी ‘गाइड’ म्हणून पुढे आला तर चालायला लागण्याआधी विचारून घ्या: पैसे माणशी की सगळ्या गटाचे, मुलांचे किती, तिकिटं त्यात धरली आहेत का, किती वेळ आणि कोणकोणत्या जागा. ओळखपत्र बघा. शेवटी ‘खुशीने द्या’ म्हणणाऱ्याबरोबर आकडा आधीच ठरवा.

शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे दगडूशेठ गणपती. दर्शन मोफत. बाहेर ‘चपला इथे ठेवा’ म्हणून हाक येते, ती फुकट सोय नसते. बदल्यात हार-नारळाचं ताट घ्यावं लागतं. भाव आधी विचारा. आजी-आजोबांपैकी एकाने चपलांपाशी बसलं तरी भागतं. गर्दी असेल तर बाहेरूनही मूर्ती दिसते. समोरचा भिडे वाडा शोधू नका. १८४८ साली फुले दांपत्याने जिथे मुलींची शाळा सुरू केली तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. तिथे स्मारक व्हायचं आहे.

पुढे तुळशीबाग. आत राममंदिर आहे, खरेदीच्या नादात अनेक जण ते न बघताच परततात. गल्ल्या अरुंद आहेत. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पर्स पुढे घ्या, सुटे पैसे वेगळ्या खिशात. घासाघीस चालते, पण ‘फिक्स रेट’ची पाटी असेल तिथे वेळ घालवू नका. भूक लागली तर श्रीकृष्ण भुवनची मिसळ इथेच. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा.

स्वच्छतागृहासाठी मेट्रो स्थानक वापरा. वाटेत खात्रीची सोय कमी, म्हणून निघताना कसबा पेठला आणि परतताना मंडईला. घरातल्या बायकांना आणि मुलींना हे आधी सांगून ठेवा.

तांब्याची भांडी घ्यायची असतील तर तुळशीबागेआधी, कसबा पेठेत असतानाच तांबट आळीत जा. हातोडीचा आवाज आला की आळी आली. ऐरणीवर भांडं फिरवत त्यावर एकसारखे ठोके पाडतात, त्याला मठारणं म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो आणि प्रकाशात भांड्याला खवले आल्यासारखं दिसतं. हाताने मठारलेल्या भांड्यावर ठोके किंचित कमी-जास्त असतात, साच्यातल्यावर अगदी सारखे. भाव वजनावर की नगावर, आणि मजुरी त्यात धरली आहे का, हे वजन करायच्या आधी विचारा. भांडं तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला लावा, झाकण आणि मूठ दुसऱ्या धातूची असेल तर ती वेगळी तोलायला सांगा. आंबट पदार्थ ठेवायचे असतील तर आतून कल्हई हवी. तिचे पैसे बहुधा निराळे पडतात. बिल घ्या. जड भांडं घेऊन पेठा फिरायच्या नसतील तर पैसे चुकते करून ते तिथेच ठेवता येईल का विचारा. मात्र मग परतताना मंडईऐवजी पुन्हा कसबा पेठेतूनच गाडी धरावी लागेल.